खोदकामाचा चातुर्मास

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात. मधले चार महिने लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, कांदा-वांगं वर्ज्य. मुंबईच्या उपनगरांत याच सुमारास आणखी एक चातुर्मास पाळला जातो. तो कुठल्या पंचांगात छापलेला नसतो, पण वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनापासून नाक्यावरच्या मजुरापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. ३१ मे उलटला की रस्ता खणायचा नाही, आणि १ ऑक्टोबर उजाडल्याशिवाय पुन्हा कुदळ उचलायची नाही. म्हणजे खणणारे देवांच्या आधी झोपतात आणि देवांच्या आधी उठतात. लवकर निजून लवकर उठणाऱ्याला संपत्ती लाभते असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. कंत्राटदारांच्या बाबतीत ते खोटं ठरल्याचं ऐकिवात नाही. आता व्रत म्हटलं की सवलत आलीच. जलवाहिनी फुटली, केबल जळली, मॅनहोल खचलं, तर तातडीची बाब म्हणून मधेही खणता येतं. उपवासाला साबुदाणा चालतो, तसं. आणि उपवासाच्या दिवशी माणूस एरवीपेक्षा अंमळ जास्तच जेवतो, हेही तातडीच्या बाबींना तंतोतंत लागू पडतं.

त्यामुळे मुलुंडमध्ये राहणाऱ्या माणसाला महिना ओळखायला भिंतीवरची दिनदर्शिका लागत नाही. खिडकीतून खाली पाहिलं की पुरतं. चर उघडे दिसले की दिवाळी जवळ आली. डांबराचा वास आला की संक्रांत झाली. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर रस्त्यावर अशी लगबग सुरू होते, की हंगामातला शेवटचा मुहूर्त गाठायला निघालेल्या वऱ्हाडांची आठवण यावी. पोटातलं काँक्रीट गरगर फिरवत मोठाले ट्रक गल्लीच्या तोंडाशी ताटकळतात, मुकादमाचा आवाज बसतो, ढग आले की साइटवरचा तरुण इंजिनिअर आधी आभाळाकडे आणि मग फोनकडे पाहतो. दोन्हीकडून येणारी बातमी बहुधा सारखीच असते. ‘काम चालू, रस्ता बंद’ या पाटीखाली बारीक अक्षरांत ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं लिहिलेलं असतं. मला ती ओळ मनापासून आवडते. वर्षाचे आठ महिने, रोज, येता-जाता कुणीतरी आपली क्षमा मागतं आहे, असं भाग्य घरातदेखील कुणाच्या वाट्याला येत नाही.

मुलुंड पश्चिमेचे रस्ते तसे शिस्तीचे. १९२० च्या दशकात हा भाग रीतसर आखणी करून वसवला, म्हणून इथल्या गल्ल्या एकमेकींना काटकोनात भेटतात, उगाच वळणं घेऊन सलगी करत नाहीत. पण ही शिस्त मुंबईची नव्हती. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आली, बोरिवली आणि मुलुंडला १९५७ पर्यंत थांबावं लागलं; तोवर आम्ही मुंबईच्या बाहेरचे, मुंबईकडे रेल्वेच्या खिडकीतून पाहणारे. आज ज्याला सगळे एलबीएस म्हणतात तो लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड, आणि तिकडे पश्चिम उपनगरांतला एस. व्ही. रोड हा पूर्वीचा घोडबंदर रोड. नावं बदलण्यापूर्वी या रस्त्यांच्या नजरा केवढ्या लांबवर होत्या! एकाला आग्र्याला जायचं होतं, दुसऱ्याला खाडी गाठायची होती. आता संध्याकाळी सातला एलबीएसवर उभं राहिलं तर त्याची एकच इच्छा उरलेली दिसते, की कसंही करून भांडुप यावं. मोठ्या महत्त्वाकांक्षेची माणसं निवृत्तीनंतर जशी सकाळी दूध आणायला जाऊ लागतात, तसं त्याचं झालं आहे.

रस्ता म्हणजे नेमकं काय, याचं सर्वांत सोपं उत्तर जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने दोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. त्याचं म्हणणं असं, की गाड्यांचा भार खरं तर खालची मातीच पेलते. ती कोरडी राहिली तर कितीही वजन सोसते, आणि भिजली की हात टेकते. म्हणून बारीक फोडलेल्या खडीचा, मधे किंचित उंच असा थर द्यायचा आणि पाणी दोन्ही बाजूंना घालवून टाकायचं. थोडक्यात, रस्ता हे मातीवरचं छप्पर. मॅकॅडमला हे सुचलं ते ब्रिटनमध्ये, जिथे पाऊस वर्षभर भुरभुरत राहतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर एवढ्याच काळात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला जातो, हे त्याला कुणी सांगितलं असतं, तर त्याने बहुधा होड्यांचा विचार केला असता. शिवाय त्याच्या मातीत फक्त माती होती. आमच्या मातीत पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या आहेत, मलवाहिन्या आहेत, पर्जन्यवाहिन्या आहेत, विजेच्या, टेलिफोनच्या आणि इंटरनेटच्या केबली आहेत, गॅसचे पिवळे पाइप आहेत. वरच्या मजल्यावर रस्ता राहतो आणि तळमजल्यावर सात-आठ बिऱ्हाडं. प्रत्येकाला आपल्या घरात शिरायचं तर छप्पर उचकटूनच शिरावं लागतं, कारण दार कुणी ठेवलेलंच नाही.

या तळमजल्याची खबर असलेला एकच माणूस मला माहीत आहे, तो म्हणजे चावीवाला. पहाटेच्या अंधारात उंच दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो येतो, रस्त्यातलं एक छोटंसं झाकण उचलतो, चावी आत घालून पिळतो, आणि आमच्या इमारतींच्या टाक्यांत पाणी पडू लागतं. एवढ्याशा वळणावर एका गल्लीची सकाळ अवलंबून असते. एकदा खोदकाम करणारी पोरं आपली लाइन शोधत हैराण झाली होती. नकाशा होता, त्यावर लाल रेघ होती, पण रेघेच्या जागी नुसता मुरूम लागत होता. तेवढ्यात चावीवाला आला. “भाऊ, इथली लाइन नेमकी कुठून गेलीय?” पोरांनी विचारलं. “कागदावरची विचारताय की खरी?” तो म्हणाला. मग त्याने चपलेच्या टाचेने रस्त्यावर एक जागा दाखवली आणि चहा प्यायला निघून गेला. लाइन तिथेच होती.

घाटकोपरला माझी मावशी एका जुन्या बैठ्या घरात राहायची. ती लग्न होऊन आली तेव्हा रस्त्यावरून घरात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. ओट्यावर बसून ती भाजी निवडायची आणि येणारा-जाणारा तिला मान वर करून नमस्कार करायचा. त्या काळी रस्ता दुरुस्त करायचा म्हणजे जुन्यावर नवा थर घालायचा, एवढंच. दरवेळी दोन-तीन इंच. निवडणुका आल्या-गेल्या, थर चढत गेले. आधी एक पायरी डांबरात बुडाली, मग दुसरी. माझ्या शाळेच्या दिवसांत ओटा आणि रस्ता एका पातळीवर आले होते, तेव्हा आम्हा मुलांना ती मोठी सोय वाटायची, कारण चेंडू थेट घरात यायचा. पुढे रस्ता आणखी वाढला आणि मावशीकडे जाताना दोन पायऱ्या उतराव्या लागू लागल्या. मग पावसाचं पाणीही त्या पायऱ्या उतरू लागलं. उंबऱ्यापाशी सिमेंटचा बांध घातला, तो ओलांडताना पाहुण्यांना ठेच लागायची. रस्त्यावरची माणसं आता मान खाली घालून नमस्कार करत. मावशी म्हणायची, “अगं, मी काही खाली गेले नाही हो. रस्ताच तेवढा मोठा झाला.” अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर उंच होऊन आपल्याकडे वरून बघायला लागावं, तसा कौतुकाचा आणि तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात एकदमच असे. आता नवा थर घालण्याआधी जुना खरवडून काढणारं यंत्र येतं. ते गल्लीतून जाताना खालचे काळे-करडे पट्टे क्षणभर उघडे पडतात. मावशीच्या घराच्या जागी मात्र सात मजले उभे आहेत, आणि त्यांची पहिली पायरी रस्त्यापासून छातीएवढ्या उंचीवर आहे. बिल्डर शहाणा असावा.

पावसाळ्याकडे वळायलाच हवं. खड्डा एकाएकी पडतो असा आपला समज आहे, तो चुकीचा आहे. आधी केसाएवढी भेग पडते. तिच्यात पाणी शिरतं. वरून गेलेलं प्रत्येक चाक ते पाणी आणखी खाली दाबतं आणि पुढे सरकताना वर ओढतं. या दाबण्या-ओढण्यात डांबराची खडीवरची पकड सुटते. एक खडा निखळतो, मग त्याच्या शेजाऱ्याला आधार राहत नाही. असा दोन-तीन दिवसांच्या संततधारेत तो आकाराला येतो, आणि चौथ्या दिवशी रिक्षावाल्याच्या तोंडून त्याचं बारसं होतं. बोरिवलीची माझी एक मैत्रीण जुलैमध्ये घरी बोलावताना पत्ता खड्ड्यांवरून सांगते: पहिला मोठा सोडायचा, दुसऱ्याला उजवीकडून वळसा घालायचा, तिसऱ्यात झाडाची फांदी खोचलेली दिसली की आमचं फाटक. फांदी खोचणारा कोण असतो, हे मी कधीच पाहिलेलं नाही. पण भर पावसात कुणीतरी थांबतं, फांदी मोडतं, तिला लाल चिंधी बांधतं, आणि पुढच्या अनोळखी माणसाच्या चाकाची काळजी वाहून आपल्या वाटेने जातं. या शहराच्या माणुसकीचे पुतळे उभारायचे झाले तर पहिला या फांदीचा उभारावा.

भरायचे म्हटले तरी पावसात खड्डे भरणं सोपं नाही. नेहमीचं डांबर शंभर अंशांच्या पुष्कळ वर तापवून गरमच पसरावं लागतं. ओल्या खड्ड्यात ते पडलं की चरचरतं आणि रुसून वेगळं होतं. म्हणून न तापवता भरता येणारं मिश्रण, कोल्ड मिक्स, हवं. महापालिकेने २०१७ साली ते ऑस्ट्रिया आणि इस्रायलहून मागवून पाहिलं. आल्प्सच्या थंडीत वाढलेल्या त्या बिचाऱ्याची आषाढातल्या आमच्या सरींशी पहिली भेट कशी झाली असेल, या कल्पनेने मला अजूनही गलबलून येतं. पुढच्याच वर्षी महापालिका वरळीच्या आपल्या कारखान्यात कोल्ड मिक्स तयार करू लागली. कुठे पेव्हर ब्लॉक बसवले, तर काही दिवसांनी आजूबाजूचं डांबर निघून गेलं आणि ब्लॉक तेवढे गावातल्या जुन्या खोडांसारखे चिवटपणे उभे राहिले. कुठे मास्टिक, कुठे लवकर घट्ट होणारं काँक्रीट. एकाच रस्त्यावर हे सगळे प्रयोग ओळीने पाहता येतात. आणि मग येतात गणपती. जे खड्डे जूनपासून अर्जांना दाद देत नव्हते, ते आगमनाच्या मिरवणुकीआधी मऊ सुतासारखे भरले जातात. याचं कुणाला वाईट वाटत नाही. वीस फुटी मूर्ती ट्रॉलीवर उभी असताना एका खड्ड्याने काय अनर्थ होईल, हे सगळ्यांना कळतं. आमची मूर्ती लहान, म्हणून आमचा नंबर मागे.

खड्डा कशाला म्हणावं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडून दिला होता, पण महापालिकेने तो २०१९ साली सोडवला. त्या वर्षी १ ते ७ नोव्हेंबर या आठवड्यात तिने नागरिकांना आव्हान दिलं: ॲपवर खड्डा कळवा, चोवीस तासांत बुजवला नाही तर ५०० रुपये घ्या. अट एवढीच, की खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. मला या योजनेतली ती पट्टी लावायची कल्पना फार गोड वाटली. अडीच इंचांचे कितीतरी होतकरू खड्डे त्या आठवड्यात हिरमुसले असतील. जरा कळ काढली असती तर त्यांचंही नाव झालं असतं. मापांची अशीच गंमत अंधेरीने पुढे पाहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालेल्या गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्याने खुली झाली, तेव्हा त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्या जवळजवळ दोन मीटर खाली राहून गेला होता. दोन पूल समोरासमोर उभे, एक वर, एक खाली, आणि ओळख असूनही न बोलणारे. शेवटी बर्फीवाला पुलाला जॅक लावून उचललं आणि जुलै २०२४ मध्ये दोघांची गाठ घालून दिली. मावशीला हे वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. घर खाली राहिलं तर माणसाने बांध घालावा, पण पूल खाली राहिला तर तो उचलता येतो.

हसू मात्र जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडपाशी येऊन थांबतं. जुलै २०१५ मध्ये याच रस्त्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्याने दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश नेला. दादाराव अंधेरी पूर्वेला मरोळ भागात भाजी विकतात. मुलाच्या मृत्यूनंतर ते स्वतःच खड्डे बुजवू लागले. बांधकामांच्या जागी पडलेलं डेब्रिज, खडी, वाळू आणायची, खड्ड्यात घालायची, धुम्मसाने ठोकून बसवायची. असे शेकडो खड्डे त्यांनी बुजवले. वर्तमानपत्रांनी त्यांना नावं दिली, सत्कार झाले. फावडं घेऊन वाकलेल्या त्या माणसाला इंच मोजायची गरज पडत नसावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणी दगावलं तर वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी. पैशांत मोजलं की यंत्रणेला समजतं, असा न्यायालयाचा अनुभव असावा. ५०० रुपयांच्या त्या आठवड्यातही तेच गृहीत धरलेलं होतं.

रात्री काम चालतं तेव्हा मी कधीकधी गॅलरीत उभी राहते. लहानपणी डांबराच्या पिंपाखाली लाकडं पेटवलेली असत, मजुरांच्या पायांना गोणपाट गुंडाळलेला असे, आणि रोलर इतका सावकाश चालायचा की त्याच्यापुढे धावत जाऊन उभं राहण्यात शौर्य वाटायचं. आता प्रखर दिवे असतात आणि डांबराऐवजी काँक्रीट. ओतलेल्या पट्ट्याला दुसऱ्या दिवसापासून पाणी पाजावं लागतं. त्यासाठी मालाचे छोटे बांध घालून चौकोनी आळी करतात आणि ती पाण्याने भरून ठेवतात. काँक्रीटला पुरी ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, असं ते लोक सांगतात. तेवढे दिवस गल्लीत ओळीने वीतभर खोल तळी असतात. साळुंक्या येऊन आंघोळ करतात, समोरच्या इमारतीतला एक छोटा मुलगा कागदाच्या होड्या आणतो, आणि पाणी घालणारी बाई त्याला ओरडते, पण आधी होडी पलीकडच्या बांधाला टेकू देते. तिचं स्वतःचं मूल कडेला प्लास्टिकच्या घमेल्यात बसलेलं असतं. त्याच्या आईने भिजवलेल्या या रस्त्यावरून ते पुन्हा कधी जाईल असं वाटत नाही; महिनाभरात त्यांचं बिऱ्हाड दुसऱ्या गल्लीत.

जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बीकेसीत सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचं भूमिपूजन झालं. महापालिकेकडे आहेत दोन हजारांच्या आसपास किलोमीटर. मरीन ड्राइव्हचा काँक्रीट रस्ता १९४० च्या सुमाराचा, आणि तो सत्तर वर्षं टिकला, हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. मरीन ड्राइव्हला एका बाजूने समुद्र होता, हे कुणी लक्षात घेत नाही. निदान त्या बाजूने तरी कुणी खणायला येणार नव्हतं.

आमच्या गल्लीचं नाव आता पुढच्या यादीत लागलं आहे. ही बातमी आली तेव्हा श्रावण चालू होता. सोसायटीची तातडीची सभा बोलावली गेली. वर्षानुवर्षं खोदकामाच्या नावाने बोटं मोडणारे आम्ही सगळे वेफर्सची बशी मधे ठेवून बसलो. सेक्रेटरींनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की नव्या काँक्रीट रस्त्यावर चर खणायला परवानगी मिळणं अवघड, तेव्हा ज्याला जे खणायचं असेल ते काँक्रीट पडण्याआधीच उरकायला हवं. क्षणभर शांतता पसरली. मग पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना आठवलं, की पाण्याची लाइन मोठी करायची राहिली आहे. कुणाला पाइपचा गॅस हवा होता. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने इंटरनेटच्या नव्या केबलचा विषय काढला, आणि खजिनदारांनी मलवाहिनीचा, चहा यायच्या आतच. समोरच्या सोसायटीचीही त्याच संध्याकाळी सभा आहे, अशी खात्रीलायक खबर वॉचमनने आणली. “त्यांनी आधी खणलं तर आपल्याला थांबावं लागेल हो,” काकू कळवळून म्हणाल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. अर्ज आजच टाकायचा आणि १ ऑक्टोबरला सकाळी पहिली कुदळ आपलीच पडली पाहिजे.